ओझर मिग, १/७२

मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाची, सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती करायची प्लॅस्टिकची किटं खंडीभर मिळतात. १/७२ (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), १/४८, १/३२, हवं ते माप घ्या. मला हवं होतं ते मिग-२१ मात्र खोक्यात सहजी सापडत नाही. मला एफएल करायचं होतं: रशियनांनी भारतासाठी काढलेला, आपल्या हवाई दलात 'टाइप-७७' म्हणून ओळखला जाणारा, नाशिकजवळ ओझरला बांधलेला आणि १९७१ साली लढलेला प्रकार. हाताशी होतं ते पीएफचं, म्हणजे त्याच्या आधीच्या प्रकाराचं, एक जुनं १/७२ किट. एका संग्राहकाने घर बदलताना काढून टाकलेलं, खोकं चेपलेलं, डिकलांचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांचा, कागद पिवळा पडलेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तिला दोनचार बोल लावायचे आहेत.

आता कुणी म्हणेल, पीएफ काय आणि एफएल काय, दोन्ही मिगच. पन्नास फुटांवरून तसंच दिसतं. पण मी नाशिकचा. मिगच्या कारखान्यामुळे आमच्याकडे ओझरला आजही सर्रास 'ओझर मिग' म्हणतात, आणि गल्लीत कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा काका असतोच. असा माणूस शेपटाकडे एकदा बघतो आणि विचारतो, "हे कुठलं रे?"

१९६४ साली मिगच्या कामासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे कारखाने उभे राहायला लागले. सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेत गेले होते. कारखाना ओझरला का आला, याचं उत्तर नाशिककर एवढ्यावरच संपवतात. मला त्या इतिहासातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. ओझरनेही सुरुवात किटांपासूनच केली. आधी रशियाहून सुट्या भागांच्या पेट्या आल्या, त्या इथे जोडल्या. मग हळूहळू भाग इथेच बनायला लागले आणि शेवटी कच्च्या मालापासून अख्खं विमान. माझ्या टेबलावर जे चाललं होतं त्याला तेवढाच काय तो वंशपरंपरेचा आधार.

तर पीएफचं एफएल करायला बदलायचं काय? मुख्य तीन गोष्टी. सुरुवातीच्या पीएफचं उभं शेपूट अरुंद होतं, एफएलचं रुंद आहे. ब्रेकची छत्री, म्हणजे उतरल्यावर मागे उघडणारं पॅराशूट, सुरुवातीच्या पीएफमध्ये धडाच्या खालच्या बाजूला, पोटाखालच्या पंखाजवळ असायचं. एफएलमध्ये ते उभ्या शेपटाच्या बुडाशी, इंजिनाच्या तोंडाच्या वर, एका गोल नळकांड्यात गेलं. आणि तिसरी गोष्ट तोफ. पीएफ-एफएलच्या काळात सगळा भरवसा क्षेपणास्त्रांवर टाकून विमानातली तोफच काढून टाकली होती. ती नंतर पोटाखाली लटकवावी लागली. बाकी काचेचं झाकण, वैमानिकाची खुर्ची, पंख, नाक, पाठीचा कणा, सगळं पीएफचं जसंच्या तसं चालतं. म्हणूनच मी पीएफएम या पुढच्या प्रकाराच्या किटाच्या वाटेला गेलो नाही. त्याचं शेपूट आयतं रुंद मिळतं, पण झाकण वेगळं, खुर्ची वेगळी, आणि १/७२ मापात नवीन काच घडवण्यापेक्षा शेपूट घडवणं केव्हाही परवडतं. आतलं रडार कोणतं, ही भानगड नाकातल्या सुळक्यात झाकलेली असते. तेवढी सूट आपल्याला आहे.

काम सुरू करण्याआधी किट मोजलं. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ९९ मिलिमीटर आणि वर थोडंसं. किट पट्टीवर बरोबर बसलं. पंखाची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली असते; मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला, तेही ठीक. घडण चांगली होती. कंपनीवर राग होता तो वरच्या रेघांचा. त्याच्याकडे येतोच.

शेपूट रुंद करणं म्हणजे पुढची कड पुढे नेणं. मागचं सुकाणू आहे तिथेच राहतं. आराखडा १/७२ला छापून घेतला, शेपटाच्या नव्या कडेची आकृती ट्रेसिंग पेपरवर काढली आणि एक मिलिमीटर जाड प्लॅस्टिकच्या पत्र्यातून पाचरीसारखा तुकडा कापला. किटचं शेपूट डाव्या-उजव्या धडाबरोबर ओतलेलं, त्यामुळे आधी दोन्ही अर्धी जोडून घेतली. जुन्या शेपटाच्या पुढची गोलाई कानसने सपाट केली, म्हणजे नव्या तुकड्याला बसायला चांगली रुंद बैठक मिळते. नुसतं चिकटवून भागत नाही. पुढे घासताना सांधा सुटतो. म्हणून दोन ठिकाणी बारीक भोकं पाडून स्टेपलरच्या पिनांचे तुकडे आत घातले आणि मग प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट सोडलं. रात्रभर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खरं काम. शेपटाचा छेद बुडाशी जाड, टोकाला पातळ, पुढे गोलसर आणि मागे निमुळता असा असतो. सपाट पत्र्याला तो आकार द्यायचा म्हणजे घासायचं, बोट फिरवायचं, उजेडासमोर धरायचं आणि पुन्हा घासायचं. आधी २४०चा पॉलिश पेपर, मग ४००, मग पाण्यातला ८००. डोळ्यांपेक्षा अंगठा जास्त खरं सांगतो. सांध्यावर अंगठा अडखळेनासा झाला की पुट्टीचा पातळ हात द्यायचा आणि पुन्हा तेच. घरच्यांना हा सगळा प्रकार नखं घासत बसण्याचा वाटतो, आणि दुरून पाहिलं तर त्यांचं चुकत नाही.

छत्रीच्या नळकांड्यासाठी साहित्य किटातच होतं. भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात त्या चौकटीची दांडी, स्प्रू, गोल असते आणि जाडीला जवळपास हवी तेवढी. एक तुकडा कापला, ड्रिलमध्ये धरून फिरवत त्याला पुढे निमुळतं केलं आणि मागचं टोक गोलसर ठेवलं. शेपटाच्या बुडाशी, सुकाणूच्या खाली, अर्धगोल खाच कोरून तो तुकडा आत बसवला. मागच्या टोकावर मधोमध एक उभी रेघ ओढली, कारण खऱ्या विमानात तिथे दोन पाळ्या असतात आणि त्या उघडल्या की छत्री बाहेर पडते. जुन्या जागेच्या, म्हणजे धडाच्या खालच्या झडपेच्या रेघा पुट्टीने बुजवल्या. एवढं झाल्यावर धड बाजूने धरून पाहिलं तर पीएफ गेलेलं होतं. हे असं सगळं शेपटावर अवलंबून असतं.

तोफेची मजा वेगळी. जीपी-९ नावाचं ते गाठोडं पोटाच्या मध्यरेषेवर लागतं. त्यात जीएसएच-२३ ही दोन नळ्यांची, २३ मिलिमीटरची तोफ. ते लावलं की मधली इंधनटाकी लावता येत नाही. गाठोड्याला प्लॅस्टिकचे पत्रे एकावर एक चिकटवून ठोकळा केला आणि तो कोरला; आकार लांबट, उथळ, पोटाला घट्ट चिकटलेला. नळ्यांना इंजेक्शनच्या सुया. हिशोब असा की २३ मिलिमीटरचं भोक १/७२ मध्ये ०.३२ मिलिमीटर होतं. २६ नंबरची सुई बाहेरून अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी आणि आतून पाव मिलिमीटरच्या आसपास. इतकं जवळचं दुसरं काही मिळत नाही. मेडिकलवाल्याकडे नुसत्या सुया मागितल्या तर तो जरा निरखून बघतो. विमानाला हव्यात म्हटल्यावर आणखी निरखून बघतो.

ही तोफ लावायचा हट्ट एवढ्यासाठी की १२ डिसेंबर १९७१ला जामनगरवर आलेल्या पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटरला कच्छच्या आखातावर पाडलं ते तोफेनेच. ४७ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी एफएल चालवत होते. त्यांनी आधी क्षेपणास्त्र सोडलं, ते लागलं नाही. मग अंतर कमी करून तोफ चालवली. तोफ नको, क्षेपणास्त्रं पुरेशी आहेत, असं कागदावर ठरवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. मिगवाल्यांचा दुसरा सांगण्यासारखा दिवस १४ डिसेंबर, ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवरचा हल्ला. तो करायचा तर तोफेऐवजी पंखांखाली यूबी-१६ रॉकेटपेट्या लागतील, प्रत्येकीत ५७ मिलिमीटरची सोळा रॉकेटं. सोळा भोकांचं तोंड १/७२ मध्ये कोरण्याइतकं माझं मन मोठं नाही. मी जामनगरकडे वळलो. पंखांखाली दोन के-१३ क्षेपणास्त्रं आली, ती किटातली. हे के-१३ म्हणजे अमेरिकी साइडवाइंडरची रशियन नक्कल, आणि पाकिस्तानच्या एफ-१०४लाही साइडवाइंडरच. दोन्हीकडे एकाच घराण्याचं अस्त्र.

कॉकपिटबद्दल फार सांगत नाही. १/७२ मध्ये आत दिसतं ते खुर्चीचं डोकं, समोरच्या फळीचा वरचा काठ आणि पट्ट्यांचे दोन रंग. पट्टे औषधाच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे. झाकणाबद्दल मात्र सांगायला हवं. या पिढीच्या मिगमध्ये झाकण आणि समोरची काच एकसंध, आणि ते पुढच्या बाजूला बिजागरी असल्यासारखं पुढे उघडतं. कारण गमतीशीर आहे. उडी मारायची वेळ आली तर झाकण खुर्चीबरोबरच निघायचं आणि वैमानिकासमोर ढालीसारखं उभं राहून त्याला वाऱ्याच्या तडाख्यापासून वाचवायचं, अशी ती व्यवस्था. पुढे पीएफएममध्ये ती सोडून दिली, खुर्ची बदलली आणि झाकण बाजूला उघडायला लागलं. मी झाकण बंद ठेवलं. काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने, कापसाच्या बोळ्याने, गोल गोल चोळून काढले. साधी पांढरी पेस्ट घ्यावी. जेलने काही होत नाही.

मिगची चाकं अशी आहेत की किट हमखास शेपटावर बसतं. नाकात वजन घालावं लागतं, आणि ते काम धडाची दोन्ही अर्धी जोडण्याआधीच उरकलं होतं. गळाला लावायचं शिसं ठोकून चपटं केलं आणि नाकातल्या सुळक्यात आणि त्याच्या मागे, जिथे म्हणून जागा होती तिथे, एम-सीलमध्ये दाबून बसवलं. धड बंद करायच्या आधी चाकांच्या जागी पेन्सिलीचे तुकडे टेकवून पाहिलं, तोल पुढे आला होता.

इथे पावसाळा आला. नाशिकचा जुलै म्हणजे लॅकरच्या रंगाचा शत्रू. हवेतली वाफ ओल्या थरावर धरते आणि चंदेरी रंगावर दुधाळ साय येते. गणपती होईपर्यंत फवारणी नाही असं ठरवून टाकलं आणि त्या काळात रेघांचं काम काढलं.

रेघा म्हणजे पत्र्यांचे सांधे. किटवाल्यांनी त्या इतक्या खोल आणि रुंद कोरल्या होत्या की नांगरटच. याच सुमारास शेजारचे काका आले. आयुष्यभर ओझरला पंखांच्या जुळणीवर होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पंख हातात घेतला आणि अंगठा फिरवला.

"ही फट कसली?"

"पत्र्याचा सांधा, काका."

"कितीची आहे?"

मी मोजून सांगितलं, ०.३ मिलिमीटर.

"गुणिले बहात्तर कर."

केलं. साडेएकवीस मिलिमीटर.

"दोन सेंटिमीटर! अरे, एवढी फट ठेवून जॉब पुढे पाठवला असता तर इन्स्पेक्शनवाल्यांनी मला तिथेच उभा केला असता. आमच्या पंखावरून हात फिरवलास तर सांधा कळायचाही नाही."

मॉडेलवाल्यांमध्ये या रेघांवरून कायम दोन तट असतात. एक म्हणतो, रेघा नसतील तर छोटं विमान खेळण्यासारखं सपाट दिसतं. त्यात काळपट रंग ओतून त्या उठवाव्यात. दुसरा तट काकांचा. मी एरवी पहिल्या तटातला, पण गुणिले बहात्तर ऐकल्यावर तिथे बसवेना. सगळ्या रेघांमध्ये पातळ पुट्टी भरली, पुसून घेतली आणि झडपा, सुकाणू, चाकांची दारं एवढ्याच जागच्या रेघा पुन्हा हलक्या हाताने ओढल्या. त्यात बरेच दिवस गेले. पण नंतर चंदेरी रंग लागल्यावर पंख जसा दिसला, त्याच्यापुढे ते दिवस काहीच नव्हते.

आता रंग. हे किट मी केलं ते खरं तर रंगासाठीच.

मिग आले तेव्हा चकचकीत धातूचे होते. रंग नाही, नुसता पत्रा. १९७१ला युद्ध तोंडाशी आल्यावर जमिनीवर उभं असलेलं चंदेरी विमान वरून किती लांबून दिसेल हे सांगायला नको. मग तळातळांवर, मिळेल तो हिरवा आणि मिळेल तो मातकट रंग घेऊन, ती घाईने रंगवली गेली. कारखान्यातला नकाशा नाही, ठरलेली छटा नाही. एका विमानावर ढगांसारखे मोठे पट्टे, दुसऱ्यावर बारीक ठिपके. ब्रशाचे फराटे फोटोत दिसतात.

आजचा कुणीही मॉडेलवाला हे एअरब्रशने करतो. कडा धुरकट, थर गुळगुळीत, फार सुंदर. आणि माझ्या मते या विमानासाठी ते खोटं. जे काम माणसांनी ब्रश घेऊन केलं, ते ब्रशनेच दाखवावं. मग प्रश्न येतो, किती मोठा ब्रश? समजा, तळावरच्या माणसाच्या हातात भिंत रंगवायचा चार इंची ब्रश होता. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, भागिले ७२, साधारण १.४ मिलिमीटर. माझ्याकडचा तीन शून्यांचा ब्रश ओला करून दाबला तर त्याचा फराटा बरोबर तेवढाच उमटतो. हे कागदावर मांडून पाहिल्यावर मला जो आनंद झाला तो घरात कुणालाही समजावता आला नाही.

क्रम असा ठेवला. गणपती विसर्जन झाल्यावर, हवा कोरडी झाल्यावर, अख्ख्या विमानाला चकचकीत काळा थर. त्यावर चंदेरी लॅकर, पातळ, तीन-चार फेऱ्यांत. काळ्यावर चंदेरी खोल दिसतो. राखाडी प्रायमरवर तोच रंग ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर जातो. मागचा, इंजिनाभोवतीचा पत्रा तापून काळवंडतो, म्हणून तिथे त्याच चंदेरीत थेंबभर तपकिरी मिसळला. दोन दिवस वाळू दिलं, मग सगळ्यावर केसांच्या स्प्रेचा एक थर. तो पाण्यात विरघळतो, आणि पुढची सगळी युक्ती त्याच्यावर.

वरून ॲक्रिलिक. आधी मातकट, मग हिरवा. हिरव्यात मुद्दामच थोडा पिवळा जास्त घातला, कारण युद्धाच्या घाईत बाजारातून आणलेला हिरवा लष्करी छटेचा असेलच असं कोण सांगतं? फराटे कुठल्या दिशेने मारायचे याचाही विचार करावा लागला. माणूस पंखावर उभा असेल तर त्याचा हात पंखाच्या आडव्या दिशेने फिरेल. धडाच्या बाजूला शिडीवर असेल तर वरून खाली. शेपटाच्या टोकापर्यंत हात पोचणार नाही, तिथे रंग पातळ होईल. प्रत्येक फराटा मारताना ती शिडी डोळ्यांसमोर ठेवली. एका जागी रंग संपत आला की ब्रश सुका पडतो आणि खालची चांदी दिसायला लागते. तसं झालं तिथे तसंच सोडलं, पुन्हा ब्रश बुडवून दुरुस्त करायचा मोह आवरला. सवय असते हाताला, गुळगुळीत करण्याची. ती मोडायला वेळ लागला.

रंग सुकल्यावर तासाभराच्या आत ओल्या, आखूड केसांच्या ब्रशाने काही जागा हळू घासल्या. खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग कपच्यांनी निघतो. पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं पाय देऊन चढतात, नाकाच्या कडेला, जिथे हवा घासते, झडपांच्या स्क्रूभोवती. बस. चार जागा झाल्यावर थांबायचं. इथे हात सुटला की विमान वर्षभर भंगारात पडल्यासारखं दिसतं, आणि ही विमानं रंगवल्यानंतर काही दिवसांतच लढत होती. खालची बाजू चंदेरीच ठेवली.

नाकातला सुळका आणि शेपटाचं टोक हिरवं. रेडिओलहरींना अडवू नये म्हणून तिथे धातू नसतो, आणि रशियन हिरवा रंग असतो. चाकांच्या तबकड्याही हिरव्या, पण वेगळ्या, भडक. पाहणाऱ्याला वाटतं, रंग उरला म्हणून मारला.

डिकलांचं थोडक्यात. किटातली वर्तुळं वयाने पिवळी आणि त्यातला केशरी तांबड्याकडे झुकलेला. भारतीय वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. बाहेरचा केशरी चुकला की सगळं परकं दिसतं. दुसरा संच मागवला. खरबरीत रंगावर डिकल लावलं तर त्याखाली हवा राहून चमकते, म्हणून आधी ग्लॉस वार्निश, मग डिकल, मग मॅट. क्रमांक C ने सुरू होतो, तो पुढच्या धडावर. काही विमानांच्या फोटोत क्रमांकाभोवतीचा चौकोन न रंगवता चंदेरी सोडलेला दिसतो, रंगाऱ्याने आकडे वाचवून ब्रश फिरवलेला. तो चौकोन मी रंगवतानाच मोकळा ठेवला होता, ब्रशाने, मास्किंग टेपशिवाय. त्यामुळे तो वाकडा आहे. सरळ असता तर वाईट दिसला असता.

शेवटी नाकावरची लांब नळी, पिटो. हवेचा वेग मोजणारी. मिग-२१च्या पहिल्या प्रकारांत ती नाकाच्या खाली असायची, पीएफपासून वर गेली. किटातली नळी उदबत्तीच्या काडीएवढी जाड होती, ती कापली आणि जाड सुईत बारीक सुई बसवून नवी केली. ही एकमेव गोष्ट मी अगदी सगळ्यात शेवटी लावतो. आधी लावली की ती डोळ्यात तरी जाते, शर्टात तरी अडकते.

काकांना बोलावलं. त्यांनी विमान हातात घेतल्या घेतल्या उलटं केलं. माणसं आधी वरून बघतात, हे पहिल्यांदा पोट बघतात. चाकांची दारं पाहिली, गाठोडं पाहिलं, "हे पुढं आलं, आधी नव्हतं," म्हणाले. मग सरळ केलं आणि बराच वेळ पंखाकडे बघत राहिले.

"रंग कुणी मारला?"

"मीच."

"बेकार मारलाय," काका म्हणाले. "आमच्याकडून एवढी चकाचक विमानं जायची, आणि तिकडे त्यांना हे असं फासायचे. ओव्हरहॉलला परत आली की खरवडायला आम्हीच."

हे मला कुठल्याच संदर्भात मिळालं नव्हतं. मी वही काढली. खरवडायचे म्हणजे कशाने, कोणतं रसायन, किती माणसं, खाली पत्र्यावर काय दिसायचं, विचारत गेलो आणि ते सांगत गेले. चहा दोनदा झाला. निघताना म्हणाले, "आता टाइप-९६ कर. माझी जास्त वर्षं त्याच्यावर गेली." टाइप-९६ हा मिग-२१चाच नंतरचा प्रकार; त्याला तोफ पोटातच बसवलेली, पंखांखाली शस्त्रं लटकवायला दोनाऐवजी चार खुंट्या, पाठीचा कणा जाड, झाकण बाजूला उघडणारं. त्या घराण्याची किटं चांगली मिळतात आणि त्यात कापाकापी फारशी नाही. पण काकांनी सांगितलेली ओव्हरहॉलमधली अवस्था, अर्धा रंग खरवडलेली, शेपूट वेगळं काढून ट्रॉलीवर ठेवलेली, ती करायची तर मिगचं धड पंखांच्या मागे जिथे दोन भागांत सुटतं तिथे कापावं लागेल आणि आत इंजिन दाखवावं लागेल. इंजिनाचे फोटो गोळा करायला घेतले आहेत.